पेटीतला रुपया आणि लिलावातली बोली



निकाहाच्या मजलिसीत काझीसाहेब मेहरची रक्कम वाचून दाखवतात आणि तिला जोडून ‘सिक्का राइजुल वक्त’ असे शब्द उच्चारतात, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. त्या क्षणी सर्वांचे लक्ष नवरदेवाकडे किंवा खजुराच्या ताटाकडे असते, म्हणून त्या शब्दांचा अर्थ कोणी विचारीत नाही. अर्थ असा की, ही रक्कम त्या त्या वेळी जे नाणे चलनात असेल त्या नाण्यात. राज्ये बदलतात, टांकसाळी बदलतात, आणि आज बाजारात खणखणणारा रुपया उद्या कोणी घेईलच असे नाही, हे आपल्या बुजुर्गांना पक्के ठाऊक होते. म्हणून करारात ही मेख मारून ठेवलेली.

प्रस्तुत लेखाचा विषय याच्या नेमका उलट आहे. जी नाणी आता ‘राइजुल वक्त’ राहिलेली नाहीत, ज्यांच्या बदल्यात वाणी पावशेर मीठही देणार नाही, त्यांतीलच काही नाणी लिलावात आली की लाखांच्या आणि कधी कोटींच्या बोली लागतात. असे का होते? आणि आपल्या घरातील पेटीच्या तळाशी पडलेल्या नाण्याचा या प्रकाराशी काही संबंध पोहोचतो काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ‘जुने नाणे द्या, लखपती व्हा’ अशा जाहिराती हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात आणि आपल्या तालुक्यांतील भोळ्या माणसांचे खिसे त्यांनी हलके केले आहेत.

प्रथम आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या दादीच्या लोखंडी पेटीत चांदीचे अकरा रुपये होते. मोठ्या आपाच्या लग्नाच्या वेळी घरात ओढ होती, तेव्हा त्यांतले दहा रुपये वजनावर मोडले गेले. सराफाने तागडीत टाकले, चांदीचा त्या दिवसाचा भाव लावला आणि पैसे मोजून दिले. त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे चांदी नेली, त्याने चांदीचा भाव दिला. ते रुपये कोणत्या सालांचे, कोणत्या छापाचे, हे मात्र आमच्यापैकी कोणी पाहिलेसुद्धा नाही. अकरावा रुपया वाचला, कारण त्याला कडी डाखलेली होती आणि दादी तो गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात घालीत असे. तो आज माझ्यापाशी आहे.

असे रुपये कर्जत आणि खालापूरच्या जुन्या घरांत का सापडतात, याला कारण आहे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वेचा चढ बांधला गेला. ऐन भरात त्या डोंगरावर ४०,००० हून अधिक माणसे राबत होती. त्यांची मजुरी आधी कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या छापाच्या नाण्यांत चुकती होई. पुढे गाडी सुरू झाल्यावर या भागातले भात, गवत, लाकूड आणि कोळसा मुंबईला जाऊ लागला व रोख रुपया इकडे येऊ लागला. बँक नव्हती. तेव्हा रुपया एक तर जमिनीत जाई, एक तर पेटीत, नाही तर बायकांच्या गळ्यात. ठाकर आणि कातकरी बायकांच्या माळांतही राणीछाप नाणी असत. रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सोनार तर वजनाला तोळ्याच्या जागी सरळ रुपयाच टाकीत.

आता विद्यार्थ्यांनी एक गंमत ध्यानात घ्यावी. या पेट्यांतील पुष्कळ रुपयांवर १८४० किंवा १८६२ ही सालेच दिसतात. घरातील मंडळी हरखून जातात की आमचे नाणे इतके जुने! परंतु त्या काळी रुपयावरील साल दरवर्षी बदलत नसे. १८४० हे साल असलेले रुपये पुढे वीस वर्षे पाडले गेले, आणि १८६२ सालाचे थेट १८७४ पर्यंत. कोणते नाणे कोणत्या वर्षाचे हे टांकसाळीला कळावे म्हणून मुंबईच्या टांकसाळीने पाठीमागच्या बाजूस बारीक टिंबे घालण्याची युक्ती केली. त्यामुळे १८६२ चा रुपया म्हणजे दुर्मिळ वस्तू नव्हे. असे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. त्याची किंमत साधारणतः चांदीहून थोडी वर जाते, इतकेच. टिंबांची एखादी विशिष्ट मांडणी मात्र क्वचित आढळते, आणि त्या टिंबांपायी जाणकार माणसे भिंग घेऊन तासन् तास बसतात.

तर पहिली गोष्ट ही की, नाणे जुने आहे म्हणून ते महाग होत नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक! त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाच्या चेहऱ्यावर विजेत्याचा ठसा, असा तो प्रकार. इतिहासाच्या दृष्टीने हा साठा अमोल आहे. पण जवळजवळ एकोणीसशे वर्षांचे हे नाणे नाणेबाजारात दुर्मिळ राहिले नाही, कारण एकाच हंड्यातून ते हजारोंनी बाहेर आले.

सुलतान मुहम्मद बिन तुघलक याचे उदाहरणही असेच. त्याने दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली हे शाळेत शिकवतात, आणि १३३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याची नाणी त्याच किमतीने चालवण्याचा हुकूम काढला हेही शिकवतात. अशी नाणी दौलताबादेसही पाडली गेली. लोकांनी घरोघर खोटी नाणी पाडली, व्यवहार बुडाला आणि सुलतानाला हुकूम मागे घ्यावा लागला. त्या फसलेल्या प्रयोगाची नाणी इतकी उरली की जवळजवळ सातशे वर्षांनंतर आजही नवशिका संग्राहक ती थोडक्या पैशांत घेऊ शकतो. सुलतानाने खजिना रिता केला, पण इतिहासाच्या विद्यार्थ्यांची सोय करून गेला, असे मी वर्गात थट्टेने म्हणत असे.

मग महाग काय होते? तर जे पाडले गेले आणि नंतर नाहीसे झाले त्यातून जे एखाद-दुसरे चुकून वाचते, ते. नाण्याची खरी किंमत टांकसाळीत ठरत नाही, ती भट्टीत ठरते, असे म्हटले तरी चालेल.

अमेरिकेतील वीस डॉलरचे सोन्याचे नाणे घ्या. १९३३ साली अशी ४,४५,५०० नाणी पाडली गेली. परंतु त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोन्याची नाणी लोकांकडून परत घेण्याचा हुकूम काढला. ही नवी नाणी बाजारात गेलीच नाहीत, ती वितळवली गेली. थोडी मात्र टांकसाळीतून गुपचूप बाहेर निघाली. त्यांतील एक इजिप्तचे बादशहा फारूक यांच्या संग्रहात होते. १९५२ साली त्यांचे तख्त गेले. १९५४ साली कैरो येथे त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा अमेरिकेने हरकत घेतल्यामुळे हे नाणे यादीतून काढले गेले, आणि मग ते कोठे गेले ते कोणाला कळले नाही. त्या नाण्याशी संबंध जोडला जातो असे एक नाणे पुढे अमेरिकेत पकडले गेले, खटला चालला आणि तडजोड होऊन २००२ साली न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला. किंमत आली ७५ लाख ९० हजार २० डॉलर. शेवटचे ते वीस डॉलर कशाचे, असे विचाराल, तर नाणे कधी अधिकृतपणे चलनात आलेच नव्हते, म्हणून त्याची दर्शनी किंमत सरकारी खजिन्यात भरून घेतली! तेच नाणे जून २०२१ मध्ये पुन्हा विकले गेले ते सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना. त्यात सोने आहे तीन तोळ्यांहूनही कमी.

अमेरिका दूर राहिली. आपल्या मुंबईच्या टांकसाळीत घडलेली हकीकत पाहू, कारण ती आपल्या समाजाशी निगडित आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाचा नवा रुपया निघाला. बादशहाच्या अंगावरील झग्याच्या साखळीत हत्तीचे चित्र होते. कोरीव काम इतके बारीक की हत्तीची सोंड आखूड उमटली आणि तो प्राणी हत्ती न दिसता डुक्कर दिसू लागला. आपल्या छातीवर डुक्कर बाळगणारा बादशहा आपल्या खिशात ठेवायचा, हे मुसलमानांना रुचले नाही आणि बोभाटा झाला. सरकारला १८५७ ची काडतुसे आठवली असतील तर नवल नाही. रुपये ताबडतोब थांबवले गेले. मुंबई आणि कलकत्ता मिळून ९४ लाखांच्या वर रुपये पाडून झाले होते. त्यांपैकी सुमारे सात लाख लोकांच्या हाती गेले होते, बाकीचे वितळवले. १९१२ च्या रुपयावर सोंड ठळक केली गेली. संग्राहक मंडळी १९११ च्या रुपयाला आजही ‘डुक्कर रुपया’ म्हणूनच ओळखतात.

इतकी चविष्ट कथा, इतकी वितळवणूक. तेव्हा या रुपयाला लाखो मिळत असतील, असे वाटेल. तसे नाही. साधारण अवस्थेतला डुक्कर रुपया काही हजारांत मिळतो. सात लाख हा आकडा काही लहान नव्हे, आणि गाजावाजा झाल्यामुळे पुष्कळांनी तो मुद्दाम जपून ठेवला. उलट षष्ठ जॉर्जचा १९३९ सालचा मुंबईचा रुपया पाहा. त्याला ना कथा, ना बोभाटा. दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदी महागली, आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. त्या गडबडीत ३९ सालचा पूर्ण चांदीचा रुपया लोकांच्या हाती जवळजवळ गेलाच नाही. त्यामुळे तो दिसायला १९३८ च्या रुपयासारखाच असून लिलावात लाखांची बोली खेचतो. अर्थातच ३८ मधला आठ कोरून नऊ केलेले रुपयेही फिरतात, आणि ते भिंगाशिवाय ओळखू येत नाहीत.

आपल्या रायगड जिल्ह्याचे नाव तर नाण्यांच्या इतिहासात सोन्याने लिहिले आहे. १६७४ साली रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी पाडली गेली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. हीच अक्षरे तांब्याच्या शिवराईवर आणि हीच सोन्याच्या होनावर. शिवराई पुढेही या ना त्या रूपात पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेड्यापाड्यांत चालली. म्हणून ती आजही जुन्या बाजारात सहज मिळते. होन मात्र जगात मोजकेच उरले आहेत. त्याचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाव तोळाही नाही. राजा तोच, अक्षरे तीच. पण एकाला चहापाण्याचे पैसे आणि दुसऱ्याला विचारता सोय नाही. शिवराई प्रजेच्या हातात राहिली आणि होन सोने असल्यामुळे पिढ्यानुपिढ्या सोनाराच्या मुशीत गेला. आता सोन्याचा पत्रा घेऊन खोटे होन पाडणारेही निघाले आहेत, हे ओघानेच आले.

दुर्मिळता झाली, पण एवढ्याने भागत नाही. जगात एकच असलेली कितीतरी नाणी कोणी विचारीत नाही. दुर्मिळ वस्तू हवीशी वाटणारी माणसे लागतात, आणि लिलावात अशी निदान दोन लागतात. एकाच हट्टी माणसाने दालनात हात वर केला तर वस्तू सुरुवातीच्या किमतीला जाते. दोघे हट्टाला पेटले तर आकाशाला शिडी लागते. वर्तमानपत्रात जो आकडा छापून येतो तो बहुधा या दोन माणसांच्या ईर्षेचा असतो. पुढच्या वर्षी तसेच दुसरे नाणे आले आणि त्या दोघांपैकी एकाची हौस फिटलेली असली, तर भाव निम्मासुद्धा येऊ शकतो. शिवाय छापलेल्या आकड्यात लिलाववाल्यांनी खरेदीदाराकडून घेतलेली दलाली धरलेली असते. विकणाऱ्याच्या पदरात त्याहून पुष्कळ कमी पडते.

ही हवीशी वाटण्याची गोष्ट कशी असते, याचा एक नमुना आपल्याला विशेष जवळचा आहे. हिजरी १०५, म्हणजे इसवी सन ७२३-२४, या वर्षाचा उमय्या खिलाफतीचा एक सोन्याचा दिनार आहे. वजन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. त्या काळचे साधे दिनार संग्राहकांना दुर्मिळ नाहीत. परंतु या दिनारावर अरबीत अशी ओळ आहे की, हे सोने हिजाजमधील अमीरुल मोमिनीन यांच्या खाणीचे. म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशाचे नाव नाण्यावर आले, आणि नाणेही थोडीच उरलेली. एप्रिल २०११ मध्ये लंडनच्या लिलावात हातोडी पडली ती ३१ लाख पौंडांवर. दलाली धरून ३७ लाख २० हजार पौंड. ऑक्टोबर २०१९ मध्ये याच प्रकारच्या दिनाराला पुन्हा तेवढीच किंमत आली. एका ओळीने नाण्याचे मोल किती वाढावे! आपल्या मदरशातील जी मुले अरबी वाचतात त्यांना ती ओळ वाचता येईल, आणि लिलावाला जाणाऱ्या पुष्कळ धनिकांना ती येत नसेल, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

बादशहा जहांगीर याचे नाव तर नाण्यांच्या शौकिनांत सर्वांच्या ओठी असते. पूर्वी नाण्यावर महिन्याचे नाव असे. त्याऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र घालावे, ही कल्पना आपल्याला सुचली, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. १६१८ पासून अशी मेष, वृषभ, सिंह वगैरे चित्रांची नाणी निघाली. मोहरा मुख्यतः आग्र्याच्या, रुपये अहमदाबादचे. शाहजहानच्या कारकिर्दीत ती वितळवली गेली असे परंपरेने सांगतात. उरलेली नाणी इतकी मागणीची झाली की अठराव्या-एकोणिसाव्या शतकातच त्यांच्या नकला पाडल्या गेल्या, आणि आज तर नकलाच जास्त आढळतात. याच बादशहाने १६१३ साली आग्र्यास एक हजार मोहरांचे एकच नाणे पाडले. वजन सुमारे १२ किलो, व्यास वीतभर. हे चलनासाठी नव्हते, देणगीचे होते. नोव्हेंबर १९८७ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे लिलावासाठी पुढे आले तेव्हा सारे जग चकित झाले, आणि भारत सरकारने ते परत मिळवण्याची खटपट केली. ते अद्याप देशात परत आलेले नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील नाणे परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, हे येथेच सांगून ठेवतो. आखातात नोकरीला असलेल्या आमच्या तरुणांनी दादीची मोहर खिशात घालून विमानात बसू नये.

नाण्यांचा विषय सोडून क्षणभर नोटेकडे येतो, कारण आपल्या हाजी लोकांची आठवण त्यात आहे. एक काळ होता की आखातातील राज्यांत भारतीय रुपयाच चाले. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात होते असे दिसल्यावर १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि हजला जाणाऱ्यांसाठीही दहा व शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. त्या भारतात चालत नसत. सौदी अरबस्तानात मोडून घ्यायच्या. आपल्या भागातील जे बुजुर्ग त्या वर्षांत मुंबईच्या बंदरातून आगबोटीने हजला गेले, त्यांच्या कमरपट्ट्यात या नोटा असणार. पुढे आखाती देशांनी स्वतःची चलने काढली आणि हज नोटांचे काम संपले. वापरलेल्या नोटा बँकेकडे परत येऊन नष्ट झाल्या. कोणी हाजी हजहून येताना एखादी नोट उगीचच ठेवून घेतो असे थोडेच? उरल्या त्या फारच थोड्या. २०२४ साली लंडनच्या लिलावात अशी शंभर रुपयांची एक हज नोट सुमारे ५६ लाख रुपयांना गेली. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: परत घेतली, नष्ट केली, चुकून एक राहिली.

आता ७८६ च्या नोटांकडे वळू, कारण या एका आकड्यावर आपल्या समाजातील माणसांना गाठले जाते. ‘तुमच्याकडे ७८६ क्रमांकाची नोट असेल तर तीन लाख मिळतील’ असा निरोप कोणाला आला नसेल? विद्यार्थ्यांनो, हे गणित तुम्ही घरी सोडवून दाखवा. नोटेचा क्रमांक सहा आकडी असतो. शेवटी ७८६ येणारे क्रमांक दर हजारांत एक. शंभर नोटांच्या लागोपाठ क्रमांकाच्या दहा कोऱ्या गड्ड्या घेतल्या तर त्यांत अशी एक नोट निघणारच. देशात कोट्यवधी नोटा छापल्या जातात. तेव्हा अशा नोटा किती झाल्या? श्रद्धेने जपून ठेवायला हरकत नाही, हौसेने कोणी चार पैसे जास्तही देईल. परंतु लाखांची भाषा करणाऱ्याला नोट नको असते. २०१२ साली निघालेल्या वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांबद्दल आमच्या हिंदू शेजाऱ्यांना असेच निरोप येतात. फसवणाऱ्याला धर्म नाही, त्याच्याजवळ फक्त याद्या असतात.

त्याची रीत ठरलेली असते. तो आधी फोटो मागवतो, मग भरमसाट किंमत सांगतो, मग ‘नोंदणी फी’, ‘जीएसटी’, ‘रिझर्व्ह बँकेचा परवाना’ अशा नावांनी थोडे थोडे पैसे तुमच्याकडून घेत राहतो. एक हजार गेले की ते वसूल करण्यासाठी माणूस पाच हजार घालतो. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कसलीही फी किंवा दलाली मागत नाही. ते निवेदन मराठीत लिहून मशिदीच्या आणि शाळेच्या फलकावर लावावे, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे. खरा लिलाववाला नाणे प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय किंमत बोलत नाही, आणि त्याची दलाली विक्रीच्या रकमेतून वळती होते.

घरात नाणे असेल तर काय करावे, हे दोन शब्दांत सांगतो. त्याला हात लावू नये. चिंच, राख, लिंबू, दात घासण्याची पूड, काही नको. चकाकी आणण्याच्या नादात नाण्याच्या अंगावरचा काळसर थर आणि अक्षरांच्या कडा जातात, आणि नाणेतज्ज्ञ सर्वप्रथम तेच पाहतो. नाण्याची अवस्था १ ते ७० अशा गुणांनी मोजण्याची पद्धत जगभर चालते. वरच्या टोकाला दोन-तीन गुणांच्या फरकाने किंमत कित्येक पट बदलते. भोक पाडलेले किंवा कडी डाखलेले नाणे तर बहुधा चांदीच्या भावावरच येते. बायकांनी मात्र याचे वाईट वाटून घेऊ नये. ज्या गळ्यात ते नाणे होते त्या गळ्याला लिलावाची पर्वा नव्हती.

जमिनीत नाणी सापडली तर गोष्ट वेगळी. आपल्या दोन्ही तालुक्यांत सध्या फार्महाऊसच्या पायांसाठी आणि विहिरींसाठी खोदाई चालू असते, म्हणून लिहितो. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा अद्याप लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर गुन्हा. कळवले आणि धन बेवारस ठरले, तर साधारणतः तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळते, आणि सरकारने स्वतःसाठी ठेवून घेतले तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देण्याची तरतूद आहे. मजूर मंडळींना हे कोणी सांगत नाही, म्हणून ती नाणी रातोरात मुशीत जातात. जोगळटेंभीचा हंडा असाच मुशीत गेला असता तर गौतमीपुत्राने नहपानाच्या नाण्यांवर शिक्के मारले, ही गोष्ट आपल्याला इतक्या ठामपणे सांगता आली नसती.

सुट्टीत मुंबईला जाल तेव्हा मुलांना फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय दाखवावे. २००४ साली त्याचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचे दालन आहे, आणि एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात अकबराची सोन्याची मोहर आहे. ज्याला पुढे याच विद्येत शिरायचे असेल त्याने नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेची चौकशी करावी. फारसी आणि अरबी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे काम कमी पडणार नाही. पेशव्यांच्या काळातील मराठी टांकसाळींचे रुपयेसुद्धा दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेले आहेत. ते वाचायला माणसे हवी आहेत.

दादीचा अकरावा रुपया मी मागच्या उन्हाळ्यात नातवाच्या भिंगाखाली धरला. साल अर्थातच १८६२. राणीचा चेहरा दादीच्या गळ्याला घासून पार गुळगुळीत झालेला. पाठीमागची टिंबे मोजायला बसलो. नातू म्हणाला तीन, मला दोनच दिसली. तिसरे टिंब आहे की कडी डाखताना उडालेला डाकाचा थेंब, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.